बिनवासाचं घर

वियार्ड हाबेनच्या घरात शिरलं की पहिल्यांदा काय जाणवायचं, तर इथे कसलाच वास नाही. म्हणजे चहाचा यायचा, तळलेल्या मासळीचा यायचा. पण बाईमाणूस असलेल्या घरात साबण, पावडर, केसांचं काहीबाही असा जो एक दरवळ असतो, तो नावाला नाही. न्हाणीघरात साबणाची एक पांढरी वडी, तीही कारखान्यानं चालेल म्हटलेली. आमच्या नॉर्डरझील या बंदराच्या गावात लोक म्हणायचे, "वियार्डकडे चोरी झाली तर पोलिसांचं कुत्रं हात जोडून परत जाईल." हा विनोद सगळ्यात जास्त वेळा सांगायची ती थेडा, त्याची बायको. पोट धरून हसायची आणि सांगायची. मात्र तिची थोरली बहीण फोल्के समोर असली की हा विनोद कुणी काढत नसे, कारण फोल्केला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आता हे प्रकरण काय, ते सांगायला हवं. वियार्ड गाड्यांच्या कारखान्यात, पेंटशॉपमध्ये. आणि ओल्या रंगाचं आणि सिलिकॉनचं हाडवैर. हाताला लावायचं क्रीम असो, केसांचा स्प्रे असो, काखेत मारायचं सुगंधी पाणी असो, सगळ्यात हे सिलिकॉन लपलेलं असतं. त्याचा एक कण जरी गाडीच्या पत्र्यावर बसला तरी ओला रंग तिथून अंग चोरतो, आणि देवीच्या व्रणासारखा बारीक खड्डा पडतो. एवढासा खड्डा, पण त्यापायी आख्खं बॉनेट घासून पुन्हा रंगवायचं. त्यामुळे आमच्या गावात पेंटशॉपच्या माणसाला वाढदिवसाला अत्तर देत नाहीत. दिलं तर तो कडू तोंड करून शेजाऱ्याला देऊन टाकतो.

वियार्ड तेव्हा कामावर नवाच होता, आणि नुकतंच लग्न झालेलं. थेडा बंदरावरच्या सलूनमध्ये केस कापायची. अशी की तिच्या हातचा कट हवा म्हणून बायका जहाजानं बेटावरून यायच्या. लग्नाच्या दिवशी तिनं स्वतःचे केस उंच बांधले आणि वर स्प्रेचा मारा केला. झालं! सोमवारी वियार्ड कामावर गेला आणि दुपारपर्यंत दारांवर खड्डेच खड्डे. म्हाताऱ्या फोरमननं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचं डोकं हुंगत चालला. वियार्डपाशी येऊन थांबला.

"काय हो नवरदेव, बायकोला खिशात घालून आणलंय वाटतं?"

आख्खी लाइन हसली. दुसरा कुणी असता तर तोही हसला असता, चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण हा पडला मुखदुर्बळ, मान खाली घालणारा. त्याला ती गोष्ट काळजात घुसली. 'नवरदेव' हे नाव त्याला पुढे कित्येक वर्षं चिकटलं, हाक मारणारे निवृत्त झाले तेव्हा कुठे सुटलं.

त्यानं घरी एक अक्षर सांगितलं नाही. थेडानंच खोदून खोदून काढून घेतलं, "बरं" एवढंच म्हणाली, आणि महिन्याभरात सलून सोडून ती बेकरीच्या काउंटरवर उभी राहिली. "पाव काय, पावाला वास असलेला चालतो," म्हणाली. आणि हसली. त्यानं तिला सोड म्हटलं नव्हतं, हे खरं. पण सोडू नकोस असंही म्हटलं नाही! इथेच माझं डोकं फिरतं. अरे बाबा, एकदा तरी म्हणायचं होतंस. फोल्केनं मात्र त्याला तोंडावर सुनावलं, "माझ्या बहिणीच्या हातातली कात्री काढून घेतलीस तू. कशापायी, तर पत्र्यापायी." त्यावर वियार्डनं खडीसाखरेचा खडा कपात टाकला आणि चहा ओतून तो तडकल्याचा आवाज ऐकत बसला. त्याचं उत्तर हे असं असायचं.

पण माणूस वाईट नव्हता हो. थेडाला त्यानं कधी आवाज चढवून हाक मारली नाही. रविवारी दोघं समुद्राला घातलेल्या बांधावर वाऱ्यात चालायला जायची, एकमेकांचा हात धरून, या वयातही. हात धरायची त्याला फार हौस. सिनेमात, चर्चमध्ये, डॉक्टरकडे, कुठेही बसले की याचा हात तिच्या हाताकडे आपोआप सरकायचा. बोलता येत नाही त्या माणसाला काहीतरी लागतंच ना.

वर्षं गेली. रंग फवारायच्या बंद खोलीतून, म्हणजे बूथमधून, माणसं बाहेर आली आणि रोबो आत गेले. वियार्डला तेव्हा वाटलं होतं, आता आपलं काय काम. पण रोबो पडले आंधळे. गाडी नेमकी कुठे उभी आहे, रंग किती सुटतोय, हवा किती दमट, थर किती जाड, हे सगळं त्यांना सेन्सर सांगणार, तेव्हा ते हात हलवणार. आणि भट्टीतून गाडी बाहेर आली की दिव्यांच्या बोगद्यात कॅमेरे पत्र्यावर उजेडाचे पट्टे पाडून बघणार. पट्टा जिथे वाकडा झाला तिथे खोट. या सेन्सरांच्या काचांवर रंगाचं धुकं बसतं. ते पुसायला कुणीतरी लागतंच. ते काम वियार्डला मिळालं. दर पाळीच्या आधी तो पांढरा झगा, टोपी, हातमोजे घालून बूथमध्ये जायचा आणि एकेक काच मऊ कापडानं पुसून यायचा. काम त्याला आवडलं. आत कुणी बोलायला नाही, हुंगायला नाही.

थेडाच्या पोटात दुखायला लागलं ते गेल्या हिवाळ्यात. वसंतात कळलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि उशीर झालाय. उन्हाळ्याच्या शेवटी इस्पितळातून तिला घरी पाठवलं. कशासाठी पाठवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कावीळ अंगात भिनलेली, कातडी कोरडी, खाज अशी की बिचारी झोपेतही हात ओरबाडायची. घरी येणाऱ्या नर्सनं मलमाची मोठी ट्यूब दिली आणि म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ हातापायांना चोळा. हळूहळू, भरपूर वेळ. नवऱ्यानं चोळलेलं सगळ्यात गुणकारी." नर्स गेल्यावर वियार्डनं चष्मा लावून ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. दुसऱ्याच ओळीत सिलिकॉन. ट्यूब त्यानं अशी खाली ठेवली की जणू ती तापलेली आहे.

नर्सकडे दुसरं मलम मागितलं. तिनं आणलंही, नुसत्या चरबीचं. त्यानं खाज थांबेना. शेवटी फोल्के कालव्यापलीकडून रोज येऊ लागली आणि पहिलंच मलम चोळू लागली.

तरी एरवी त्यानं काहीतरी वाट काढली असती असं मला वाटतं. सुट्टीच्या दिवशी चोळलं असतं, मग हात दहा वेळा धुतले असते. पण नेमक्या त्याच आठवड्यात कारखान्यात बोगद्याच्या कॅमेऱ्यांनी ओरड सुरू केली. खड्डे. रोज खड्डे. आणि सगळे गाडीच्या छपरावर, एकाच पट्ट्यात.

तो पट्टा कुठला? तर बूथमध्ये वरच्या बाजूला वसंतात नवे सेन्सर बसवले होते, ओल्या रंगाची जाडी मोजणारे, त्यांच्या बरोब्बर खाली. आणि त्या सेन्सरांना रोज सकाळी हात लावणारा माणूस कारखान्यात एकच.

स्वांत्ये बुकहॉफ ही त्याची फोरमन. त्याच्याच हाताखाली शिकून वर गेलेली पोरगी, मनानं चांगली. तिनं त्याला बाजूला घेतलं.

"वियार्ड, वाईट वाटून घेऊ नका. पण विचारावं लागतंय. घरी आजारपण आहे. मलमं-बिलमं असतील..."

"मी हात लावत नाही," वियार्ड म्हणाला.

"लावत नाही म्हणजे?"

"लावत नाही म्हणजे लावत नाही. तिची बहीण लावते."

स्वांत्ये म्हणाली, "तुम्ही रजा का घेत नाही? मी लगेच सही करते. थेडाजवळ बसा. इथलं आम्ही बघतो."

घ्यायची होती ना रे रजा! देवानं ताटात वाढून ठेवलेली! पण वियार्डच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. त्या दिवशी कँटीनमध्ये तो ताट घेऊन वळला तेव्हा मागच्या टेबलावर कुणीतरी, बहुतेक ओनोनं, हळूच म्हटलं होतं, "नवरदेव आले." ओनो हा जुन्यांतला शेवटचा. थट्टेत म्हणाला असेल. ओनोच्या पोटात काही नसतं. पण वियार्डच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तो म्हणाला, "मी रजेवर गेलो आणि खड्डे थांबले तर? मग काय म्हणतील लोक?"

"कुणी काही म्हणणार नाही हो."

"म्हणतील. मी कामावर असतानाच हे सुटलं पाहिजे."

आणि तो घरी जाऊन जास्तच कडक झाला. थेडाच्या खोलीत तो आता कारखान्यातल्यासारखा पांढरा झगा घालून जायचा आणि बाहेर आल्यावर तो पिशवीत बांधून ठेवायचा. कपडे वेगळे धुवायचा. झोपायला बाहेरच्या कोचावर. हातात कायम ते पातळ निळे हातमोजे. फोल्के बघायची आणि जळफळायची.

"महारोग झालाय का रे तिला?"

"थोडे दिवस, फोल्के. कारण सापडलं की..."

"थोडे दिवस! तिच्याकडे आहेत का थोडे दिवस? जा, आत जाऊन विचार तिला, किती उरलेत म्हणून."

थेडा स्वतः मात्र कुरकुरली नाही, निदान सुरुवातीला. झग्यातला नवरा दारात दिसला की म्हणायची, "या डॉक्टर. काय म्हणतोय पेशंट?" तो खुर्ची ओढून बसायचा, दिवसभराचं सांगायचा. आज किती गाड्यांवर निघाले, गाळण्या बदलून पाहिल्या, नळ्या धुऊन पाहिल्या, हवेचे पंखे उघडून पाहिले. ती डोळे मिटून ऐकायची. तीस-पस्तीस वर्षं ऐकलंच होतं तिनं.

एकदा, सप्टेंबर संपत आला होता, दुपारची पाळी नव्हती म्हणून तो लवकर आला. खिडकी उघडी होती आणि बाहेर कुणाच्या तरी गाई ओरडत होत्या. थेडाला त्या दिवशी जरा बरं वाटत होतं. तिनं हात पांघरुणाबाहेर काढला आणि त्याच्यापुढे धरला. नुसती पिवळी काडी झालेली.

"वियार्ड, आज तू चोळ ना. फोल्के कशी चोळते, माहितीये? टेबल पुसल्यासारखी."

तो हसला. मग त्यानं तिचा हात हातात घेतला. तिनं बोटांनी त्याची बोटं चाचपली.

"हातमोजा आहे," ती म्हणाली.

"अगं..."

"काढ. मलम राहू दे. नुसता हात दे, बास."

आता फोल्केनं सकाळीच मलम लावलं होतं. तिच्या सगळ्या हातावर ते चमकत होतं. वियार्डला दिसत होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या लाल रंगाची पहिली खेप सुटणार होती, वरून मोठी माणसं बघायला येणार होती. तो म्हणाला, "शुक्रवारी. शुक्रवारी ही खेप संपते. मग मी आठवडाभर घरी. मग दिवसभर धरतो, कंटाळशील."

"बरं," थेडा म्हणाली.

आणि हात परत पांघरुणात घेतला. त्या एका 'बरं'नंच तिनं सलून सोडलं होतं. त्याला ते ओळखू यायला हवं होतं, पण नाही आलं. तो हातमोजा घातलेल्या हातानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारत बसला, ती झोपेपर्यंत.

गुरुवारी सकाळी तो बूथमध्ये काचा पुसत होता तेव्हा ती गेली. फोल्के जवळ होती. वियार्डला निरोप मिळायला वेळ लागला, कारण बूथमध्ये फोन न्यायला बंदी. घरी पोचला तेव्हा नर्सनं तिला पुसून, स्वच्छ कपडे घालून ठेवलं होतं. दारातच त्यानं हातमोजे ओढून काढले आणि पलंगाशी जाऊन तिचा हात धरला. तो हात आता नुसता थंड होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तो रडला, फार रडला. एवढा मोठा आवाज त्याच्या घशात असेल असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नव्हतं.

दफन पुढच्या बुधवारी झालं. नंतर चर्चशेजारच्या सभागृहात चहा. लोण्याचा केक, खडीसाखर, साय, सगळं रीतीप्रमाणे. फोल्केनं वाढायला घेतलं होतं. बेटावरून दोन म्हाताऱ्या आल्या होत्या, थेडानं कधीकाळी त्यांचे केस कापलेले. वियार्ड टेबलाच्या टोकाला बसला होता, काळ्या कोटात, आणि जो येईल त्याला मान हलवत होता.

स्वांत्ये उशिरा आली. थेट कामावरून आली असावी, केस टोपीनं चपटे झालेले. तिचं सांत्वनाचं बोलून झालं, मग खुर्ची जवळ ओढली. पोरीचा चेहरा उजळला होता. तिला वाटत होतं की ती या दुःखात एक बरी बातमी घेऊन आलीये.

"वियार्ड, आज सांगू की नको, असं वाटत होतं. पण म्हटलं, तुमच्या मनावरचं ओझं तरी उतरेल. खड्डे तुमच्यामुळे नव्हते."

ओनोनं कप खाली ठेवला.

"तुम्ही गुरुवारी गेलात ना, तेव्हापासून ओनो काचा पुसतोय. तरी खड्डे पडतच होते. शुक्रवारी तसेच, सोमवारी तसेच. म्हणजे हाताचा प्रश्नच नाही, एवढं कळलं. मग आम्ही ते नवे सेन्सरच खोलले. केबल आत शिरते ना, तिथे एक रबराची बारीक रिंग आहे. ती चुकीची बसवून आली. सिलिकॉनची! वसंतापासून रोज आतून गरम होऊन होऊन आता तिच्यातून सुटायला लागलं. जो सेन्सर रंगावर लक्ष ठेवायला बसवला, तोच घाण करत होता, बोला आता!"

"च्यायला," ओनो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून ओशाळला. "वियार्ड, मी त्या दिवशी कँटीनमध्ये जे बोललो... अरे, सवयीनं बोललो रे. माफ कर बाबा."

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "चला, माणसाच्या माथ्यावरचा डाग तरी गेला." स्वांत्येनं वियार्डच्या दंडावर हात ठेवला. तो तिच्याकडे बघत होता, पण ऐकल्यासारखा दिसत नव्हता.

"चार दिवसांत कळलं?" त्यानं विचारलं.

"हो ना. तुम्ही नव्हतात म्हणून कळलं. नाहीतर आम्ही अजून गाळण्याच बदलत बसलो असतो."

"म्हणजे तू रजा घ्या म्हणालीस, तेव्हा मी घेतली असती..."

आता स्वांत्येच्या लक्षात आलं. चेहरा खर्रकन उतरला तिचा. ती म्हणाली, "वियार्ड, असा विचार नका करू."

"तेव्हाच कळलं असतं."

"वियार्ड..."

"मी घरी असतो. हातमोजे लागलेच नसते." त्याचा आवाज चढला नव्हता, पण आख्ख्या सभागृहाला ऐकू गेला. "माझ्यामुळेच पडत असते खड्डे, तर बरं झालं असतं गं. मी म्हटलं असतं, नाइलाज होता. आता काय म्हणू मी?"

स्वांत्ये रडायला लागली. तिची काही चूक नव्हती. लोकांनी कपात बघायला सुरुवात केली, कुणी कोट शोधायला उठलं.

फोल्के किटली घेऊन आली आणि त्याचा कप भरू लागली. वियार्डनं वर पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईकडे त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं.

"फोल्के, शेवटी शेवटी औषधांची गुंगी होती ना तिला? तू मलम चोळायचीस तेव्हा डोळे मिटलेलेच असायचे. तिला... तिला मीच आहे असं वाटलं असेल का गं, कधीतरी?"

सगळे फोल्केकडे बघत होते. एक शब्द बोलायचा होता तिनं. हो म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? मीही मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण बाई, आजच्या दिवस खोटं बोल. फोल्केच्या मनात राग नव्हता, तो त्या गुरुवारीच संपला होता. पण तिच्या बहिणीबद्दल तिला खोटं बोलता येईना.

"नाही रे, वियार्ड," ती म्हणाली. "तिला कळायचं. रोज विचारायची, तो आला का म्हणून."

तिनं किटली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रनचा काठ लावून आत निघून गेली.

लोक उठले. आमच्याकडे रीत आहे की घरच्या माणसानं दारात उभं राहून प्रत्येकाला निरोप द्यायचा. वियार्ड उठला, कोट नीट केला आणि दारात जाऊन उभा राहिला. जाणाऱ्या प्रत्येकाचा हात त्यानं हातात घेतला, बेटावरच्या म्हाताऱ्यांचा, ओनोचा, स्वांत्येचा, माझा. त्याचा हात उबदार होता आणि कोरडा होता. कुणाचाच हात तो लवकर सोडत नव्हता.